वाचकांचे प्रश्न : पेठेतल्या काचेमागे नवी चित्रे

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी लिहिले होते की, सांगलीत नव्या चित्रकाराला दालन मिळत नसेल, तर त्याने पेठेतील दुकानदाराकडे दर्शनी काचेतला एखादा कप्पा महिनाभरासाठी मागावा. त्या एका वाक्यावर चित्रकारांची, दुकानदारांची आणि पालकांची इतकी पत्रे आली, की या वेळचे सारे सदर त्याच विषयाला देणे मला योग्य वाटले. पत्रे संक्षेपाने घेतली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी मिरजेची. चित्रकलेची पदविका घेऊन दीड वर्ष झाले. सतारमेकर गल्लीत तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांची वीस-बावीस जलरंगचित्रे मी केली आहेत, पण ती आजवर कुठेही मांडलेली नाहीत. सांगलीत हरभट रस्त्यावर माझ्या मामांचे कापडाचे दुकान आहे आणि काचेतला एक कप्पा महिनाभर द्यायला ते तयार आहेत. एवढी चित्रे तिथे कशी बसवावीत?

उत्तर : मामांनी कप्पा दिला, यातच निम्मे काम झाले आहे. मात्र सगळी चित्रे बसवण्याचा विचार मनातून काढून टाका. दालनात वीस चित्रे शोभतात, कारण तिथे आलेला माणूस चित्रे पाहायलाच आलेला असतो. हरभट रस्त्यावरून जाणारा माणूस मुलाचा गणवेश, आईची औषधे किंवा लग्नाचा बस्ता डोक्यात घेऊन निघालेला असतो. चालता चालता त्याची नजर काचेवर पडते ती दोन-चार सेकंद. तेवढ्या वेळात वीस चित्रे समोर आली, तर त्यांतले एकही त्याच्या लक्षात राहत नाही. एक चित्र लावा, फार तर दोन लावा आणि दर सोमवारी बदला. त्याच रस्त्याने रोज दुकान उघडायला, शिकवणीला किंवा बँकेत जाणारी माणसे पुष्कळ आहेत. आज नवे काय लावले आहे ते पाहण्याची त्यांना सवय लागते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती दुकानात शिरून ‘ही चित्रे कोणाची?’ असे विचारू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

पहिल्या आठवड्यात पूर्ण कारखान्याचे, पाच-सहा माणसांचे चित्र लावू नका. सतारीचा भोपळा जवळून दिसतो आहे, त्यावर कारागिराचा हात आहे, एवढेच ज्यात असेल ते निवडा. रस्त्याच्या पलीकडून ओळखू येईल असा एक मोठा आकार आणि जवळ आल्यावर पाहत राहावे असे बारीक काम, या दोन्ही गोष्टी ज्या चित्रात आहेत ते काचेमागे टिकते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या गल्लीची बातमी पुष्कळांनी वाचलेली आहे, तिथला हात मात्र थोड्यांनीच जवळून पाहिला आहे.

चित्र लावण्याआधी सकाळी अकराला, दुपारी तीनला आणि दिवे लागल्यावर, असे तीन वेळा रस्त्यावर उभे राहून तो कप्पा रिकामाच पाहा. अकरा वाजता तुम्हाला बहुधा स्वतःचा चेहरा, पाठीमागे थांबलेली रिक्षा आणि समोरच्या दुकानाची उलटी पाटी दिसेल. साध्या काचेच्या दोन्ही बाजू मिळून तिच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे ८ टक्के उजेड परत फेकतात. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असला, की एवढासा परतलेला उजेडही आतल्या चित्राला झाकून टाकतो. यावर पुढचे उपाय आहेत. कप्प्याच्या मागे गडद रंगाचे, अजिबात चमक नसलेले सुती कापड लावावे. चित्राची वरची कड बोटभर पुढे झुकवावी. कप्पा पूर्ण बंद असेल, तर चौकटीची वेगळी काच काढून ठेवावी, म्हणजे एकामागे एक दोन काचा चमकत नाहीत. आणि दिवे समोरून न लावता दोन्ही बाजूंनी तिरके लावावेत.

परंतु तुमची चित्रे जलरंगातली आहेत, म्हणून सर्वांत जास्त काळजी मला उजेडाचीच वाटते. कागदावरच्या जलरंगासाठी संग्रहालये साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) एवढाच उजेड ठेवतात. तैलरंगाला २०० लक्सपर्यंत चालतो. थेट उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो. उजेडाने होणारे नुकसान साचत जाते, ते रात्रीतून भरून येत नाही. हिशेब मांडला तर एक तासाचे थेट ऊन म्हणजे संग्रहालयात रोज आठ तास याप्रमाणे अडीचशे दिवस चित्र टांगल्यासारखे होते. काही वर्षांपूर्वी पश्चिमेकडे तोंड असलेल्या एका दुकानाच्या काचेत माझ्या एका विद्यार्थिनीचे चित्र लावण्याचा सल्ला मीच दिला होता. मे महिना होता. महिन्याने चित्र उतरवले तेव्हा नऊवारी लुगड्याचा किरमिजी रंग उडून फिकट गुलाबी झाला होता. चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट आम्ही उचलला, तर त्याच्याखाली झाकली गेलेली बोटभर रुंदीची पट्टी मूळच्या गर्द रंगात तशीच होती. त्या मुलीने त्या पट्टीवर बोट ठेवले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. रंगाच्या ट्यूबवर तो किती टिकाऊ आहे याची खूण छापलेली असते. ती वाचण्याची सवय मी त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याला लावली. अलिझारिन क्रिमझनसारखे काही लाल रंग या बाबतीत फार कच्चे असतात.

म्हणून मामांच्या काचेवर ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, ते घड्याळ लावून पाहा. ऊन येत असेल, तर त्या वेळेत मागचे कापड चित्रापुढे ओढून घेण्याची विनंती मामांना करा. पेठेतली खरी गर्दी तशीही संध्याकाळी सहापासून दुकाने बंद होईपर्यंत असते. त्या वेळी बाहेर अंधार असल्याने काच चमकत नाही आणि आतला मंद दिवाही पुरतो, म्हणजे चित्र नीट दिसते आणि सुरक्षितही राहते. ऊन अजिबात टाळता येत नसेल, तर मूळ चित्र घरी ठेवून त्याची चांगली छापील प्रत लावा. मात्र ती प्रत आहे हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहा.

उंची ठरवताना दुकानातल्या फरशीवरून मोजू नका. दालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. तुमचा प्रेक्षक रस्त्यावर उभा आहे आणि दुकानाचा ओटा फूट-दोन फूट उंच आहे, तेव्हा माप रस्त्यावरून घ्या. चिठ्ठीवर तुमचे नाव, चित्राचे नाव, माध्यम, वर्ष आणि एक-दोन ओळी मराठीत असाव्यात. अक्षर हातभर अंतरावरून आजोबांनाही वाचता आले पाहिजे. ज्या कारागिराचे चित्र आहे त्याची संमती घेऊन त्याचेही नाव लिहा आणि पहिल्या संध्याकाळी त्याला चित्र दाखवायला घेऊन या.

प्रश्न : मारुती रस्त्यावर माझे भांड्यांचे दुकान आहे. दोन मुले येऊन काचेत चित्र लावू का, असे विचारून गेली. मुलांचे कौतुक आहे, पण काच ही माझी विक्रीची जागा आहे. मला यातून काय मिळणार? शिवाय पूर आला, चोरी झाली, तर भरपाई कोणी करायची?

उत्तर : चित्र लावल्याने भांडी जास्त खपतील, असे आश्वासन मी तुम्हाला देणार नाही, आणि त्या मुलांनीही देऊ नये. तुमच्या दुकानासमोर माणसे थोडी जास्त वेळ थांबतील आणि ‘ते चित्र लावलेले दुकान’ अशी एक खूण तयार होईल, एवढे मात्र खात्रीने सांगता येते. त्यासाठी विक्रीची मोक्याची जागा देण्याची गरज नाही. जिन्याखालची काच, बाजूच्या बोळाकडे तोंड असलेला अरुंद कप्पा, किंवा माल न मांडलेली वरच्या मजल्यावरची खिडकी अशी एखादी जागा बहुतेक दुकानांत असतेच. दिवाळी आणि लग्नसराई सोडून द्या. जेवढे दिवस द्याल तेवढे दिवस मात्र चित्रापुढे कुकरचे खोके येणार नाही, एवढा शब्द त्या मुलांना द्या. नव्या चित्रकाराला सर्वांत जास्त खुपते ते हेच.

परदेशात मध्यवर्ती बाजारपेठांतील रिकाम्या पडलेल्या दुकानांच्या काचा नव्या कलाकारांना दिल्या जातात, तेव्हा जागेचा मालक, कलाकार आणि बहुतेक वेळा नगरपालिका किंवा एखादे विद्यापीठ असे तिघे त्यात असतात. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ब्रॉडवेवरच्या खिडक्या अशाच, रस्त्यावरून केव्हाही पाहता येतील अशा ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे तूर्त दुकानदार आणि चित्रकार असे दोघेच आहेत, म्हणून दोघांमधला कागद अधिक नीट असायला हवा. एका पानाचा पुरतो. चित्र कोणते, त्याची दोघांना मान्य असलेली किंमत किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, लावायचे कोणी, उतरवायचे कोणी, दिवा किती वाजेपर्यंत चालू राहील आणि नुकसान झाल्यास काय, एवढे लिहा आणि दोघांनी सह्या करा. दुकानाचा विमा असेल, तर विमा प्रतिनिधीला स्पष्ट विचारा की, दुकानात ठेवलेल्या पण दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूला तो लागू होतो का. बहुतेक दुकानदार हे गृहीत धरतात. गृहीत धरू नका.

पुराचे तुम्हाला मी काय सांगावे! २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा मारुती चौकाने ते पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीत शाळेतल्या मुलालाही पाठ असते. त्याचाच उपयोग करून घ्या. पाणी ३५ फुटांवर गेल्याची बातमी येताच चित्रकाराने त्याच दिवशी चित्र उतरवून न्यावे आणि तो आला नाही तर दुकानदाराने ते वरच्या मजल्यावर हलवावे, असे कागदावर लिहा. त्या धावपळीत तुमच्यापुढे मालाचे ढीग हलवायचे असतात, तेव्हा दुसऱ्याच्या चित्राचे ओझे तुमच्या माथी येता कामा नये. माझे स्वतःचे मत विचाराल, तर पूररेषेतल्या दुकानांत जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत मूळ चित्र लावूच नये. त्या दिवसांत हवाही इतकी दमट असते, की कागदावर बुरशीचे ठिपके पडतात.

प्रश्न : काचेमागच्या चित्रावर किंमत लिहावी का? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : चित्रावर नको, चिठ्ठीवरही नको, पण किंमत ठरवून दुकानदाराजवळ कागदावर लिहून ठेवा. विचारणाऱ्याला त्याच क्षणी आकडा सांगता आला पाहिजे आणि सगळ्यांना एकच आकडा सांगितला पाहिजे. विक्री झाल्यास दुकानदाराला काही भाग द्यायचा की नाही, हेही आधीच ठरवा.

प्रश्न : माझा मुलगा तासगावहून सांगलीला कलामहाविद्यालयात जातो. एका खाद्यगृहाच्या मालकांनी त्याला दुकानाच्या संपूर्ण काचेवर चित्र रंगवून मागितले आहे. पैसे देणार नाहीत, पण ‘नाव होईल’ म्हणतात. रंगाचा खर्चही आम्हीच करायचा आहे. मुलगा आनंदात आहे. मी आई म्हणून नाही म्हणू का?

उत्तर : मुलाच्या आनंदाला नाही म्हणू नका, ताई, त्या अटींना नाही म्हणा. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. स्वतःच्या मनाने काढलेले, तयार असलेले चित्र महिनाभर दुसऱ्याच्या काचेत ठेवणे हे प्रदर्शन आहे. त्यात दुकानदाराने चित्रकाराकडून भाडे घेऊ नये आणि चित्रकारानेही दुकानदाराकडून मानधनाचा हट्ट धरू नये. ने-आण, खिळे, दिवा आणि चिठ्ठीची छपाई एवढा खर्च दुकानदाराने आपणहून उचलला, तर ते शोभून दिसते. परंतु मालकाच्या सांगण्यावरून, मालकाच्या मापाने, मालकाच्या दुकानाच्या शोभेसाठी काच रंगवणे हे काम आहे. त्याच दुकानाची पाटी रंगवणाऱ्याला, फर्निचर करणाऱ्या सुताराला आणि वायरिंग करणाऱ्याला पैसे मिळतात. मुलगा विद्यार्थी आहे म्हणून त्याची मजुरी कमी असू शकते, शून्य असू शकत नाही. रंगाचा पूर्ण खर्च, दिवसाची मजुरी आणि चित्राच्या कोपऱ्यात वाचता येईल असे नाव, या तीन गोष्टी त्याने स्वतः, तुमच्या मध्यस्थीशिवाय, नम्रपणे मागाव्यात. नकार आला, तर तेच चित्र त्याने कागदावर करावे आणि दुसरी काच शोधावी.

त्याला आणखी एक गोष्ट आत्ताच कळलेली बरी. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ प्रमाणे चित्राचा पहिला हक्कदार चित्रकारच असतो. पण कोणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढून घेतले आणि वेगळे काही ठरले नाही, तर तो हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून पैसे घेताना, चित्राच्या प्रती छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहील, हे एक वाक्य पावतीवर लिहून घ्यावे.

प्रश्न : माझे आयर्विन पुलाचे चित्र गेल्या हिवाळ्यात एका दुकानाच्या काचेत होते. कोणीतरी त्याचा फोटो काढून तो कापडी पिशव्यांवर छापला आणि त्या पिशव्या विकायला आल्या. विचारले तर, ‘रस्त्यावर लावले होते, म्हणजे सगळ्यांचेच’ असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का? (विटा)

उत्तर : हे खरे नाही. रस्त्यावरून दिसते म्हणून चित्रावरचा हक्क रस्त्यावर येत नाही. कायद्यात सार्वजनिक जागेविषयी एक सवलत आहे आणि बहुधा तिच्याबद्दलच अर्धवट ऐकून लोक असे बोलतात: सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे चित्र किंवा छायाचित्र कोणीही काढू शकतो आणि प्रसिद्धही करू शकतो. ती सवलत शिल्पासाठी आहे, रंगवलेल्या चित्रासाठी नाही. आणि तुमचे चित्र तर तिथे कायमचे नव्हतेच. आयर्विन पूल १९२९ पासून सगळ्यांचा आहे आणि त्याचे चित्र कोणीही काढू शकतो, पण तुम्ही काढलेले त्याचे चित्र तुमचे आहे. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने आवडले म्हणून स्वतःपुरता मोबाइलमध्ये फोटो काढला, तर त्यावर रागावू नका. छापून विकणे ही वेगळी बाब आहे.

तुमच्याजवळ चित्राची कच्ची रेखाटने, काम चालू असतानाचे तारखेसह फोटो आणि दुकानदाराशी झालेला कागद असेल, तर ते एकत्र करा, एक पिशवी पावतीसह विकत घ्या आणि आधी साध्या भाषेत लेखी पत्र पाठवा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास वकिलामार्फत नोटीस द्यावी लागेल.

हक्क विकल्यावरही चित्रकाराकडे एक गोष्ट उरते, हे नव्या मुलांना कोणी शिकवत नाही, म्हणून इथे लिहितो. कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार चित्राखाली आपले नाव असावे हा आग्रह, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी चित्राची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवले गेले आणि त्याची हानी झाली. सहगल यांनी लढा दिला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प त्यांना परत देण्याचा व ५ लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. मात्र त्याच कलमात असेही म्हटले आहे की, चित्र न मांडणे किंवा कलाकाराच्या मनासारखे न मांडणे, हा हक्कभंग मानला जाणार नाही. म्हणजे कुकरचे खोके चित्रापुढे आले, तर कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. एका पानाचा तो कागदच येईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून चित्रांचा चाहता आहे. साड्यांच्या पुतळ्याशेजारी चित्र टांगून आपण कलेची पायरी खाली आणत नाही का? चित्राला दालनाची शांतता हवी. (विश्रामबाग)

उत्तर : सर, तुमची चिंता मला समजते आणि दालनातल्या शांततेला पर्याय नाही, हेही मान्य आहे. पण दालनाच्या पायरीपर्यंत पोहोचायला नव्या मुलाला किती काळ लागतो याचा विचार करा. मुंबईतल्या १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कला दालनात जागा मिळवण्यासाठी कलाकार वर्षानुवर्षे थांबतात; त्याच इमारतीबाहेर पदपथावर चित्रे मांडून बसणाऱ्या कलाकारांची ओळ आहे, आणि आत जाणारा प्रत्येक रसिक त्या ओळीसमोरून जातो. मकबूल फिदा हुसेन तरुणपणी सिनेमाची होर्डिंगे रंगवत असत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत. सांगलीत तर ही गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवर’पासून या गावाने नाटक पाहिले. ज्याने आयुष्यात कधी चित्रप्रदर्शन पाहिले नाही, त्या माणसानेही पुढच्या काळात रंगवलेला राजवाडा आणि रंगवलेले अरण्य नाटकाच्या पडद्यावर पाहिले. ती चित्रे पेट्रोमॅक्सच्या उजेडात, गर्दीत आणि गोंगाटात पाहिली गेली.

आणि पुतळ्याशेजारच्या चित्राविषयी सांगायचे, तर १९६१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या कपड्यांच्या दुकानाच्या काचेत, नव्या झग्यांच्या पुतळ्यांमागे, अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांची, जाहिराती आणि चित्रकथांतल्या प्रतिमांवरून काढलेली पाच चित्रे आठवडाभर लावलेली होती. त्यांच्या त्या प्रकारच्या चित्रांचे ते पहिले सार्वजनिक दर्शन होते. तोवर ते जाहिरातींसाठी रेखाटने करणारे म्हणूनच ओळखले जात. रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांनी झगे पाहिले आणि किती जणांनी चित्रे, हे कोणी मोजले नाही. तुमच्या मनात जी शांतता आहे तिच्यासाठी मात्र एक करता येईल. एखाद्या रविवारी दुकाने बंद असताना, सकाळी लवकर, दहा-बारा रसिकांना घेऊन काचेकाचेसमोर थांबत थांबत एक फेरी काढा आणि चित्रकारांनाही बोलवा. तुमच्यासारखा जाणकार शेजारी उभा राहून ‘ही सावली निळी का केलीस?’ असे विचारतो, तेव्हा त्या मुलाला कोणत्याही दालनाने दिले नसते ते मिळते. तुम्ही फेरी ठरवली, तर मी नक्की येईन.

प्रश्न : कुपवाडला आमच्या शेजारी बिहारहून आलेले कुटुंब राहते. नवरा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. वहिनी कागदावर मधुबनी चित्रे फार सुंदर काढतात, पण त्यांना मराठी लिहिता येत नाही आणि इथे कोणाची ओळखही नाही. ‘आमचे कोण लावणार?’ म्हणतात. त्यांच्यासाठी काच मागितली तर योग्य दिसेल का?

उत्तर : योग्य दिसेल आणि तुम्हीच मागा. त्यांच्या या कलेच्या इतिहासात एका मराठी माणसाचा वाटा आहे, हे त्यांना आवर्जून सांगा. मिथिलेतल्या स्त्रिया ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या घराच्या भिंतींवर, विशेषतः कोहबर घरात, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीत, काढत आल्या होत्या. १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवले. तिथल्या स्त्रियांनी हीच चित्रे कागदावर काढावीत, म्हणजे ती विकता येतील आणि घरात धान्य येईल, यासाठी कुलकर्णी त्या गावांतून फिरले. त्याच पिढीतल्या जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे जगापुढे आली, त्यातही कुलकर्णींचा हात होता. तेव्हा इथला एक चित्रकार तिकडे जाऊन दारोदार कागद देत फिरला होता. आता तिकडची एक चित्रकर्ती आपल्या दारी आली आहे आणि तिला हवी आहे ती दोन फुटांची काच.

काच मागताना ‘बिहारी बाईंची हस्तकला’ असे म्हणू नका आणि चिठ्ठीवरही तसे लिहू नका. इतर चित्रकारांच्या चिठ्ठीवर जे असते तेच त्यांच्या चिठ्ठीवर असावे: त्यांचे नाव, चित्राचे नाव, माध्यम, वर्ष. चित्राविषयी त्या जे सांगतील ते त्यांच्या मैथिलीत किंवा हिंदीत लिहून घ्या आणि खाली मराठी द्या. मासे, कमळ, बांबू यांचा अर्थ त्यांनाच विचारा, पुस्तकातला लिहू नका. रंग कोणते वापरले आहेत हेही विचारा. दुकानातले तयार रंग असतील तर काळजी थोडी कमी. पण पिवळ्यासाठी हळद वापरली असेल, तर त्या चित्राला दिवसाचा उजेड दाखवूच नका. हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो, हे हळदीची पेठ असलेल्या गावातल्या माणसाला सांगावे लागत नाही. असे चित्र फक्त संध्याकाळच्या दिव्यात दाखवा.

किंमत त्यांनाच ठरवू द्या. त्या फार कमी सांगतील. तेव्हा एका चित्राला किती दिवस लागले ते मोजायला त्यांना मदत करा. दुकानदाराच्या कागदावर सही त्यांचीच असू द्या, नवऱ्याची किंवा तुमची नको. आणि चित्र लागल्यावर पहिल्याच संध्याकाळी, दिवे लागल्यानंतर, त्यांना कुपवाडहून पेठेत घेऊन जा. दुकानात शिरू नका. रस्त्याच्या पलीकडे, गर्दीत, थोडा वेळ त्यांच्याबरोबर नुसत्या उभ्या राहा.